बदललं ते कळलं, तपासलं काय?

गाडी दुरुस्तीच्या बिलात एक सभ्यपणा असतो. प्रत्येक वस्तूला ओळ, प्रत्येक ओळीपुढे आकडा. ऑक्सिजन सेन्सर एक, क्लीनर स्प्रे एक, इतर किरकोळ (हे किरकोळ कधीच किरकोळ नसतं) आणि शेवटी मजुरी. वाद घालायला गेलेल्या माणसाची पंचाईत अशी की यातली एकही ओळ खोटी नसते. सेन्सर खरोखरच बसवलेला असतो, किंमतही छापीलच लावलेली असते. चूक असते ती त्या सगळ्याच्या आधी, सेन्सरच बदलायला हवा असं ज्या क्षणी ठरलं तिथे. आणि त्या क्षणासाठी बिलात रकानाच नसतो.

माझ्या गाडीचं दुखणं साधं होतं. उभी असली की इंजिन थरथरायचं, रस्त्याला लागली की सुतासारखी चालायची, आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. गॅरेजात स्कॅनर लावला, कोड आला पी ०१७१. मेकॅनिकने स्क्रीनकडे बघितलं न बघितलं तोच निकाल दिला, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय." सेन्सर बदलला, दिवा विझला, पैसे दिले. थरथर मात्र होती तशीच. विचारलं तर म्हणे, "नवीन आहे ना, सेट व्हायला वेळ लागतो." जणू सेन्सर नव्हे, नवे बूट घेतले होते. पुढे दिवाही परत लागला.

हे कोड मोठे मजेशीर असतात. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून गाड्यांना आपल्या बिघाडाची नोंद ठरलेल्या कोडमध्ये ठेवणं सक्तीचं झालं, मग युरोपात आणि इतरत्रही. त्यामुळे ०१७१चा अर्थ कुठल्याही कंपनीच्या गाडीत एकच : मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण बिघडलं तर एक्झॉस्टमध्ये बसलेला ऑक्सिजन सेन्सर ते सांगतो. बस, एवढंच. जास्तीची हवा कुठून आली, रबरी पाइप तडकला, हवा मोजणारा दुसरा सेन्सर मळला की पेट्रोलचा पंपच दमला, हे कोडला ठाऊक नसतं. ते शोधणं माणसाचं काम. सेन्सर बिचारा साक्षीदार. त्याने पाहिलं ते सांगितलं, आणि कोर्टाने त्यालाच फाशी दिली.

मग दिवा विझला कसा? तर स्कॅनरवर कोड पुसायची सोय असते. ते केलं की कंप्युटर पाटी कोरी करून पुन्हा पहिल्यापासून निरीक्षणाला बसतो, आणि असले दोष बहुधा गाडीच्या लागोपाठ दोन प्रवासांत दिसल्याशिवाय दिवा लावत नाही. मधला काळ गिऱ्हाइकाने खूश राहायचा. पण कोडबरोबर आणखी एक गोष्ट पुसली जाते. दोष पकडला गेला तेव्हा इंजिनाचे फेरे किती, तापमान किती, गाडीचा वेग किती, याची नोंद गाडी ठेवते. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. म्हणजे पुढे भांडायची वेळ आली तर मुख्य पुरावा भांडणाआधीच नाहीसा. कोड पुसण्याआधी त्या स्क्रीनचा फोटो मागावा, या मतावर मी आता ठाम आहे. फोटो मागितला की समोरचा जरा चमकतो, आणि तपासायलाही जरा जास्त वेळ देतो.

दुसऱ्या गॅरेजात गेल्यावर होणारा पहिला संवाद ठरलेला असतो. मेकॅनिक बॉनेट उघडतो, मान हलवतो आणि विचारतो, "हे कुणी केलं?" या प्रश्नाने आपल्याला फार बरं वाटतं, पण त्याला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही. आधीच्या माणसाने उत्तम काम केलं असतं तरी तो हेच म्हणाला असता. मला आवडलं ते त्यानंतरचं. त्याने फ्युएल ट्रिम नावाचा आकडा काढला. कमी पडणारं पेट्रोल भरून काढायला कंप्युटर नेहमीपेक्षा किती टक्के जास्त ओततोय, तो हा आकडा. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, तो २५च्या आसपास होता. ॲक्सिलरेटर दाबून इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर नेलं, तर जवळजवळ शून्यावर आला. "चीर आहे कुठेतरी," तो म्हणाला. इंजिन नुसतं चालू असतं तेव्हा इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात, हवेचा दाब बराच कमी असतो, म्हणून बारीकशी चीरही बाहेरची बरीच हवा ओढून घेते. फेरे वाढले की आत येणाऱ्या हवेच्या लोंढ्यात तेवढ्याशा हवेचं काही चालत नाही. सेन्सरच बिघडला असता, तर फेरे बघून खोटं बोलायचं त्याला कारण नव्हतं. मग इनटेकमध्ये धूर सोडला, आणि एका वाकड्या रबरी पाइपच्या खालच्या अंगातून तो रमतगमत बाहेर आला.

"हे लिहून द्याल का?" मी विचारलं. "लिहायचं राहू द्या दादा, तेही आपल्याच धंद्यातले," तो म्हणाला. पण दोन्ही आकड्यांची प्रिंट काढून दिली, आणि तडकलेला पाइपही.

पहिल्या गॅरेजच्या मॅनेजरने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "सर, कंप्युटरनेच तसं सांगितलं." मी प्रिंट पुढे केली. "सेन्सर तसाही जुना झाला होता, कधी ना कधी बदलावा लागलाच असता." या न्यायाने गाडीच बदलून द्यायला हरकत नव्हती. त्याच्याशी तर्काने भांडण्यात अर्थ नाही हे दिसलं, तेव्हा एकच विचारलं : सेन्सर काढण्याआधी काय काय तपासलं? त्याने जॉब कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. कोड स्कॅन केला, सेन्सर बदलला. मधे काहीच नाही.

निदान चुकणं म्हणजे लबाडी नव्हे, हे मला मान्य आहे. ऑक्सिजन सेन्सर जुने होऊन सुस्तावतात, कधी दोन दोष एकत्र नांदतात, आणि काही आवाज तर मेकॅनिक शेजारी बसला की हटकून बंद होतात. अनेक देशांतला कायदाही कारागिराकडून यशाची हमी मागत नाही. वाजवी काळजी आणि वाजवी कौशल्य एवढंच मागतो. "खात्री नाही, पण हे बदलून बघू" असं तो आधी म्हणाला आणि मी हो म्हटलं, तर अंदाज फसल्याचा खर्च माझा. खात्रीने सांगून अंदाज केला असेल, तर त्याचा. माझं भांडण एवढ्यापुरतंच होतं.

यात गिऱ्हाइकांचाही वाटा आहे. चेकिंगचे पैसे सांगितले की "नुसतं बघायचे पैसे?" असं म्हणतो आपण. पार्टचे मात्र निमूट देतो. म्हणजे तासभर खपून स्वस्तातला पाइप बदलणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही, आणि दोन मिनिटांत अंदाजाने महागडा सेन्सर टाकणारा कमावतो. अशाने कोणता मेकॅनिक तासभर धूर सोडत बसेल?

मी बिल आधीच भरलं होतं, हे एका अर्थी बरंच झालं. न भरता वाद काढला की गाडी अडकते, कारण ज्याने वस्तूवर मेहनत केली त्याला पैसे मिळेपर्यंत ती ठेवून घ्यायची मुभा बऱ्याच ठिकाणी कायद्यानेच असते. अशा वेळी बिलावर 'हरकत नोंदवून रक्कम दिली' असं लिहून सही करावी आणि आधी गाडी बाहेर काढावी.

मॅनेजरने पुढच्या सर्व्हिसिंगवर सवलत देऊ केली. म्हणजे त्यांची चूक भरून काढायला मी पुन्हा त्यांच्याकडेच जायचं. नको म्हटलं, मजुरी परत मागितली. ती द्यायला तो तयार झाला. मग मी पावतीवर कारण लिहायला सांगितलं : निदान चुकले. इथे मात्र त्याचा चेहरा पडला. आत जाऊन आला आणि म्हणाला, सेन्सरचीही निम्मी किंमत देतो, पण ते तेवढं लिहायला नको. मी रक्कम घेतली. कारणाच्या रकान्यात छापून आलं, 'सदिच्छा सवलत'.