तीन विभागांच्या उंबरठ्यावरचा प्रबंध : माझा अनुभव

२०१८ च्या पावसाळ्यात मी विद्यापीठाच्या समितीपुढे पीएच.डी.चा आराखडा मांडला, तेव्हा समोर बसलेल्या तिघांपैकी प्रत्येकाने तो दुसऱ्या कोणाच्या तरी विभागातला ठरवला. विषय होता मुंबईतले आरंभीचे छायाचित्र-व्यावसायिक, साधारण १८५० ते १८८० या काळातले. त्यांनी आपल्या छोट्या धंद्यात केलेले नवे प्रयोग. आणि ज्या व्यापारी जाळ्यावर हे धंदे उभे होते, त्या जाळ्याची धक्के सोसण्याची क्षमता. इतिहासाच्या प्राध्यापकांना त्यातली आकडेमोड खटकली. वाणिज्याच्या प्राध्यापकांनी विचारले की, ज्याची व्याख्या २००६ च्या कायद्यात आहे तो लघुउद्योग तुम्ही एकोणिसाव्या शतकात कुठून आणणार. तिसऱ्या सदस्यांनी अगदी सौम्य शब्दांत हा विषय संगणकशास्त्राकडे पाठवावा असे सुचवले. आराखडा परत आला, तेव्हा त्यावर एका ओळीचा शेरा होता : ‘विषय एकसंध नाही.’

शेरा जिव्हारी लागला, पण तो चुकीचा नव्हता. मी वाणिज्य महाविद्यालयात उद्योजकता शिकवते आणि या विषयाकडे वळले ते एका साध्या कुतूहलाने. मुंबईत १८५४ साली, म्हणजे मद्रास आणि कलकत्त्याच्या दोन वर्षे आधी, फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे शहरातले नामांकित व्यावसायिक छायाचित्रकार झाले. हौशी मंडळींची सभा, सरकारी संस्थेतला वर्ग आणि पैसे घेऊन चालवलेला स्टुडिओ, हे सारे काही वर्षांच्या अंतराने एकाच शहरात घडत होते. शिकलेली कला धंदा कधी होते आणि झाल्यावर टिकते कशाने, एवढेच मला पाहायचे होते. आराखड्यात मात्र मी तीन शास्त्रांची नावे शेजारी शेजारी मांडली होती आणि त्यांना जोडणारे काहीच लिहिले नव्हते.

माझे मार्गदर्शक इतिहासाचे. शेरा वाचून ते एवढेच म्हणाले, “बाई, ते तीन मोठे शब्द जरा बाजूला ठेवा. ही माणसे काय विकत घेत होती, कोणाकडून घेत होती, आणि माल आला नाही की काय करत होती, एवढे लिहून आणा.” पुढचे चार महिने मी बहुतेक रसायनेच वाचली. वाणिज्याच्या अध्यापिकेने ईथरवर टिपणे काढावीत याचे घरच्यांना नवल वाटत होते, परंतु प्रबंधाचा कणा त्या टिपणांतूनच मिळाला.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये जाहीर केलेली ओल्या कलोडियनची पद्धत त्या काळच्या स्टुडिओचा आधार होती. आर्चर यांनी तिचे पेटंट घेतले नाही, त्यामुळे तिच्यासाठी परवाना विकत घ्यावा लागत नसे. हात बसला आणि भांडवल जमले की कोणालाही दुकान थाटता येत होते. यासाठी आधी कापसावर तीव्र आम्लांची क्रिया करून तो ईथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणात विरघळवायचा, त्यात आयोडाइड मिसळायचे आणि तो पातळ चिकट द्राव काचेवर सारखा पसरवायचा. ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, छायाचित्र घेऊन, अंधाऱ्या खोलीत धुऊन काढायची. काच वाळली की काम फुकट. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते, हे लक्षात घेतले म्हणजे मुंबईच्या मे महिन्यात हा खटाटोप किती घाईचा आणि नासाडीचा होत असेल याची कल्पना येते.

या यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे मी एकच प्रश्न लिहिला : ही येथे मिळू शकत होती का? चांदी येथे होती आणि नत्राम्ल हाताशी असेल तर सिल्व्हर नायट्रेट येथेच करता येत होते. काच धुण्यासाठी लागणारे फेरस सल्फेट म्हणजे आपला हिराकस. रंगारी आणि शाई करणारे तो पूर्वीपासून वापरत होते. भिंगे, चांगली काच आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला छपाईचा कागद मात्र युरोपातून येई. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला होण्यापूर्वी हा माल एक तर आफ्रिकेला वळसा घालून येत असे किंवा इजिप्तमधल्या खुष्कीच्या टप्प्यावर उतरवून पुन्हा जहाजात चढवावा लागत असे. मुंबईहून लंडनला थेट तार १८७० पासून जाऊ लागली, त्याआधी टपालाने मागणी कळवायलाच काही आठवडे लागत. मालाचा असा भरवसा नसताना छायाचित्रकार औषधविक्रेत्याशी, घड्याळे आणि दुर्बिणी विकणाऱ्या दुकानदाराशी किंवा दुसऱ्या छायाचित्रकाराशी संबंध का जोडून ठेवी, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज उरली नाही. नवोपक्रम आणि जाळे ही दोन निराळी प्रकरणे नव्हतीच. मालाच्या टंचाईने ती एकत्र बांधली होती. सुधारलेला आराखडा या यादीपासून सुरू झाला आणि २०१९ च्या आरंभी तो मंजूर झाला.

प्रबंध मराठीत लिहिण्याचे ठरवल्यामुळे अडचण उभी राहिली ती ‘रेझिलियन्स’, म्हणजे धक्के सोसण्याची क्षमता, या संज्ञेची. पहिल्या मसुद्यात मी ‘लवचीकता’ असे लिहिले होते. हॉलिंग या पर्यावरणशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये या संकल्पनेची जी मांडणी केली, तिच्यात धक्क्यानंतर पूर्वस्थितीला परत येणे आणि रूप बदलले तरी मूळचे नाते व कार्य टिकवून धरणे यांत भेद केला आहे. लवचीकतेत पहिला अर्थ येतो, कारण वाकलेली फांदी सुटली की पूर्ववत होते. मला दुसरा अर्थ हवा होता. शेवटी तो शब्द घरात सापडला. आई एका आजारी नातेवाइकाविषयी सहज म्हणाली, “त्यांनी तग धरली म्हणायची.” पूर्वीसारखे झाले असे ती म्हणाली नाही. शीर्षकात ‘जाळ्याची तग’ आले ते तिथून. मार्गदर्शकांनी आठवडाभर कुरकुर करून ते मान्य केले.

अभिलेख तपासण्याचे काम लांबले. पुराभिलेख संचालनालयाची काळा घोडा परिसरातली इमारत, एशियाटिक सोसायटीच्या त्या दमवणाऱ्या पायऱ्या, आणि त्या काळी निघणाऱ्या मुंबईच्या डिरेक्टऱ्या व अल्मनॅक (व्यावसायिकांची नावे-पत्ते देणारी वार्षिक पुस्तके), यांत माझ्या दोन वर्षांच्या सुट्ट्या गेल्या. हरिश्चंद्र चिंतामण यांचा स्टुडिओ रॅम्पार्ट रोवर होता. तो रस्ता आज के. दुभाष मार्ग म्हणून ओळखला जातो आणि पुराभिलेखागारापासून चालत पाच मिनिटांवर आहे. दुपारी डबा खाऊन मी तिथून एक फेरी मारत असे. त्याने संशोधनात भर पडली नाही, पण किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली गेली आणि पुढच्या काही वर्षांत आसपासचे पत्ते कसे बदलले असतील, हे नकाशापेक्षा पायांना लवकर कळले.

सर्वांत अधिक वेळ नावांनी खाल्ला. इंग्रजी मजकुरात ‘हरिश्चंद्र’ हे नाव निरनिराळ्या स्पेलिंगांनी छापले जाई, आणि युरोपीय पेढ्यांची नावे भागीदारांबरोबर बदलत. सॅम्युएल बोर्न १८६३ मध्ये हिंदुस्थानात आले, तेव्हा सिमल्यात विल्यम हॉवर्ड यांच्याबरोबर ‘हॉवर्ड अँड बोर्न’ ही पेढी झाली. चार्ल्स शेफर्ड आल्यावर नावात तिघे आले. हॉवर्ड गेल्यावर ‘बोर्न अँड शेफर्ड’ उरले. तक्त्यात या तीन पेढ्या धराव्यात की एक? सुरुवातीला मी नावे ‘दुरुस्त’ करून एकसारखी करत गेले आणि तीन महिन्यांनी मूळ छापील नाव कोणते होते हेच सांगता येईना, म्हणून सगळी नोंद पुन्हा करावी लागली. त्यानंतर नियम केला की छापील नाव जसेच्या तसे एका स्तंभात राहील, माझे अनुमान दुसऱ्या स्तंभात येईल आणि ते किती खात्रीचे आहे याचा एक ते तीन असा अंक तिसऱ्यात पडेल. अशा कामाला हात घालणाऱ्यांनी हा तिसरा स्तंभ पहिल्या दिवसापासून ठेवावा. मार्च २०२० मध्ये सगळी दालने बंद झाली, तेव्हा फोनवर काढलेल्या पानांच्या प्रतिमांवर काम चालू ठेवता आले. ज्यांची प्रतिमा काढली नव्हती ती पाने दीड वर्षाने दिसली.

नोंदी जमल्यावर मी गेफी या जाळ्यांची चित्रे काढणाऱ्या संगणक-प्रणालीत जाळे काढले : प्रत्येक व्यक्ती किंवा पेढी हा एक बिंदू, त्यांच्यातला संबंध ही रेषा. चित्र फारच देखणे आले. एका मित्राने ते भिंतीवर लावण्यासाठी मागितले, आणि त्याहून अधिक उपयोग त्याचा नव्हता. रीतीप्रमाणे मी एकेक बिंदू काढून टाकून उरलेले जाळे किती तुटते ते पाहत होते. काही मोजक्या मोठ्या केंद्रांवर बेतलेले जाळे सहजगत्या होणाऱ्या पडझडीला पुरून उरते, पण नेमकी ती केंद्रे काढली की कोसळते, हे आल्बर्ट, जेआँग आणि बाराबाशी या संशोधकांनी २००० साली दाखवले होते. माझे जाळेही तसेच कोसळत होते. अडचण एवढीच की मुंबईतला छायाचित्रांचा धंदा तसा कोसळलेला दिसत नव्हता. अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाचे भाव गडगडले आणि १८६५ मध्ये शहरातल्या शेअरबाजाराचा फुगा फुटला. खुद्द भाऊ दाजींनाही त्याची झळ बसली. तरीही त्यानंतरच्या डिरेक्टऱ्यांत छायाचित्रकार आहेत, कधी जुन्या नावांनी, कधी जुन्या पत्त्यांवर नव्या नावांनी.

उत्तर पुन्हा बोर्न यांच्याच नोंदीत मिळाले. ते १८७० मध्ये इंग्लंडला परतले. संगणकाच्या दृष्टीने एक बिंदू गेला आणि त्याच्या सगळ्या रेषा पुसल्या गेल्या. प्रत्यक्षात त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह पेढीकडे राहिल्या आणि त्यांवरून छापलेली चित्रे पुढे कितीतरी वर्षे विकली जात होती. धंद्यातला माणूस गेला तरी काचा, काचघर (उजेडासाठी काचेचे छत असलेली छायाचित्रणाची खोली), पत्ता आणि गिऱ्हाइकांची सवय मागे उरत होती, आणि दुसरा कोणीतरी त्या सगळ्याचा ताबा घेत होता. मग मी जाळे नव्याने बांधले. व्यक्ती व पेढ्या हा एक थर, आणि जागा, काचांचे संग्रह व उपकरणे हा दुसरा थर. पहिल्या थरातला बिंदू काढला तरी दुसऱ्या थरातून रेषा पुढच्या मालकापर्यंत पोचू लागल्या. (बोर्न अँड शेफर्डची कथा याच्या उलट बाजूनेही वाचता येते : १९९१ च्या आगीत कोलकात्यातल्या स्टुडिओचा जुना संग्रह जळाला, पेढी त्यानंतर पंचवीस वर्षे रेटली गेली आणि २०१६ मध्ये बंद झाली.) या बदलाला आठ महिने लागले, आणि प्रबंधात माझे स्वतःचे असे काही असेल तर ते एवढेच आहे.

बाकीचे सोपस्कार थोडक्यात सांगते. त्या वेळच्या नियमांप्रमाणे प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध होणे आणि दोन परिषदांत वाचन होणे आवश्यक होते. इतिहासाच्या एका नियतकालिकाने निबंध ‘व्यवस्थापनाचा’ म्हणून परत केला, व्यवस्थापनाच्या नियतकालिकाने ‘ऐतिहासिक’ म्हणून. तिसऱ्याने चौदा महिन्यांनी छापला. साहित्यचौर्य तपासणीत साम्य दहा टक्क्यांच्या आत असावे लागते. माझे बरेच कमी भरले, आणि मराठी मजकूर त्या प्रणालीला कितपत वाचता आला असेल अशी शंका असल्याने त्या आकड्याचा मला फारसा अभिमान वाटला नाही. २०२३ च्या अखेरीस प्रबंध सादर केला आणि दोन बाह्य परीक्षकांचे अहवाल यायला सात महिने लागले.

मौखिक परीक्षेत गणितावर एकही प्रश्न आला नाही. परीक्षक बाईंनी चष्मा काढून विचारले, “धंद्याने तग धरली हे पटले. काचा पुसणाऱ्याने, कलोडियन ओतणाऱ्याने, गच्चीवर उन्हात छापे काढणाऱ्याने धरली का?” डिरेक्टरीत मालकांची नावे असतात, नोकरांची नसतात, माझ्या दोन्ही थरांत ही माणसे कुठेच नव्हती. स्टुडिओ एकाकडून दुसऱ्याकडे जाताना काचांबरोबर हे कारागीरही जात असतील आणि कदाचित तेच खरे दुवे असतील, असे मी म्हणाले. बाई म्हणाल्या की कदाचित या शब्दावर पदवी देता येत नाही, परंतु तो शब्द प्रबंधात लिहिला तर देता येईल. त्यानुसार शेवटच्या प्रकरणात साडेतीन पाने वाढवली आणि शीर्षकात ‘व्यवसायांच्या’ हा शब्द घालून दाव्याची मर्यादा स्पष्ट केली. दुरुस्त प्रत ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढली, आणि तिसऱ्या स्तंभासह सगळा तक्ता मी ग्रंथालयाकडे दिला.

पदवीची अधिसूचना दोन महिन्यांनी आली. तीत माझ्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने चुकले होते आणि शीर्षकात ‘जाळ्याची तग’ऐवजी ‘जाळ्याची तंग’ असे छापले होते. दुरुस्तीचा अर्ज परीक्षा विभागात दिला आहे. सोबत मूळ छापील रूप आणि योग्य रूप असे दोन स्तंभ जोडले आहेत.