गुणी पोरगा

"किती गुणी आहे हो तुमचा मुलगा, कधीचा एका जागी बसलाय!" आज वाढदिवसाच्या पार्टीत एक काकू म्हणाल्या. मी हसले, आणि मग नीट पाहिलं. पोरगा खुर्चीत अर्धा खाली सरकलेला, नजर फरशीवर, शर्टाचं शेवटचं बटण बोटांत गच्च धरलेलं. हाक मारली, उत्तर नाही. एरवी तहान लागली की सांगतो. आज ग्लास पुढे केला तरी ढिम्म.

हा शटडाउन. पोराला ऑटिझम आहे; आवाज-गर्दी सोसेनाशी झाली की तो असा आतून बंद होतो. मेल्टडाउन सगळ्यांना दिसतो, कारण त्यात रडारड असते. याचं मात्र उलट कौतुक होतं! आता आठवतंय, अर्ध्या तासापूर्वी त्याने कान झाकले होते, दोनदा मला दाराकडे ओढलं होतं. फुगे फुटत होते, स्पीकर दणाणत होता, आणि मी गप्पांत. (संवेदनांचा हा त्रास डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेतल्या ऑटिझमच्या निकषांत २०१३ साली आला. माझ्या डोक्यात शिरायला अजून वेळ लागतोय.)

उचलून बाहेर जिन्यात नेलं. 'काय झालं?' नाही, 'बघ माझ्याकडे' नाही. नुसती शेजारी बसले. वीसेक मिनिटांनी बटण सुटलं. हळूच म्हणाला, "पाणी."

केक राहिलाच.