तुम्ही विचारलंत म्हणून: ‘युलिसिस’ पूर्ण वाचलीत का?

घरी येणारा माणूस कपाटातली ती जाडजूड इंग्रजी कादंबरी बघतो आणि विचारतोच, “जेम्स जॉइसची ‘युलिसिस’! पूर्ण वाचलीत?” परवा तुम्हीही विचारलंत.

वाचली. पण चौथ्या खेपेला. आधी तिन्ही वेळा तिसऱ्या प्रकरणातच रुतले. तिथे स्टीवन डेडलस नावाचा तरुण मास्तर समुद्रकिनाऱ्यावर चालतो आणि डोक्यात अ‍ॅरिस्टॉटलपासून वाट्टेल ते घोळवतो. वाटायचं, आपलंच शिक्षण कमी पडतंय.

मग एकदा चिडून सरळ चौथं प्रकरण उघडलं. पहिल्या प्रकरणासारखंच घड्याळ पुन्हा सकाळच्या आठवर आलेलं, त्यामुळे चुकल्यासारखं काही वाटलंच नाही. लिओपोल्ड ब्लूम मांजरीला दूध घालतोय, अंथरुणातल्या बायकोला चहा नेऊन देतोय. ती वाचत असलेल्या पुस्तकातल्या एका अवजड शब्दाचा अर्थ विचारते, हा समजावत बसतो, ती वैतागते: सोप्या शब्दांत सांग की! तेवढ्यात खाली तव्यावर गुर्दा करपतो. पुस्तक माझ्या बाजूचं आहे, हे मला तिथे पटलं.

गोष्ट म्हणाल तर एका दिवसाची. १६ जून १९०४, डब्लिन. ब्लूम अडतीस वर्षांचा, वर्तमानपत्रासाठी जाहिराती मिळवत फिरणारा. मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला, ते दुःख अजून मुरलेलं. दुपारी चारला बायकोचा मित्र घरी येणार हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो घरी जातच नाही. कुणाच्या तरी अंत्ययात्रेला जातो, चीजचं सँडविच खातो, पैसे नंतर देतो म्हणून घेतलेला लिंबाचा साबण खिशात वागवतो.

माझं लाडकं प्रकरण सतरावं. सगळं प्रश्नोत्तरांत, थेट आपल्या शाळेच्या गाइडसारखं! मध्यरात्र उलटून गेल्यावर ब्लूम स्टीवनला घरी आणतो, तर किल्ली कालच्या विजारीत राहिलेली. मग कठड्यावरून खाली तळघराच्या दाराशी उतरणं आलं. पॅरिसमध्ये बसलेल्या जॉइसने डब्लिनमधल्या मामीला पत्र लिहून विचारलं होतं, की एक्लीस स्ट्रीटवरच्या सात नंबरच्या, म्हणजे ब्लूमच्या घराचा कठडा ओलांडून साधा माणूस न लागता खाली उडी मारू शकेल का. पुढे ब्लूम कोकोसाठी नळ सोडतो. पाणी आलं का? हो. आणि मग ते पाणी विक्लो परगण्यातल्या राउंडवुडच्या तलावातून कुठल्या कुठल्या नळांनी आलं, याचा हा मोठा पाढा. नळाला पाणी येणं ही केवढी घडामोड असते, ते आपल्याला काय सांगायला हवं?

चौदावं प्रकरण मात्र मी नुसती पानं उलटून संपवलं. प्रसूतिगृहात बाळ जन्मतंय आणि सोबत इंग्रजी गद्य जुन्यापासून नव्यापर्यंत शैली बदलत जातंय. युक्ती भारी, पण वाचवत नाही. तेव्हा ‘पूर्ण’ या शब्दावर अडून बसणार असाल, तर माझं उत्तर नाही असं धरा.

न्यायची असेल तर घेऊन जा. खूण चौथ्या प्रकरणातच आहे, ती काढू नका.