आमची वाटचाल : सोन्याच्या कणांपासून किडनीच्या टेस्टपर्यंत

आमची कंपनी लहान, सहा जणांची, आणि प्रॉडक्ट एकच, लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) दाखवणारी स्ट्रिप. किडनी बिघडायला लागते तेव्हा सुरुवातीला काहीच दुखत नाही हो, पण अल्ब्युमिन लघवीत उतरायला लागलेलं असतं. दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या आत असलं तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे सावध व्हायचं, आणि साध्या डिपस्टिकला (लघवीत बुडवायच्या नेहमीच्या पट्टीला) हाच टप्पा बरेचदा दिसत नाही. डायबेटिसवाल्यांना हे वेळेत कळलं तर शुगर-बीपी सांभाळून, औषधं घेऊन पुढचा बिघाड लांबवता येतो, म्हणून हेच करायचं ठरवलं.

स्ट्रिपवर जी लाल रेघ दिसते ती सोन्याच्या बारीक कणांमुळे, त्यांच्यावर अल्ब्युमिनला पकडणाऱ्या अँटिबॉडी बसवलेल्या असतात, आणि हे कण आम्हीच बनवतो. गोल्ड क्लोराइडचं पाणी उकळलं की त्यात सोडियम सायट्रेट, मग पिवळटपणा जातो, काळपट निळं होतं आणि बघता बघता लालभडक. आमचे कण साधारण ४० नॅनोमीटरचे. सुरुवातीला बॅच कधी लाल यायची कधी जांभळी, कारण शोधता शोधता जीव गेला, शेवटी निघालं काय तर भांड्यांत राहिलेला अंश, त्याने कण एकमेकांना चिकटायचे. तेव्हापासून प्रत्येक भांडं अॅक्वा रेजियाने (सोनंही विरघळवणारं तीव्र अ‍ॅसिडचं मिश्रण) धुतल्याशिवाय काम सुरू होत नाही.

पण खरा धक्का पुढे होता. तेव्हा रेघेवरही अँटिबॉडीच होत्या, मधलं अल्ब्युमिन कणांना रेघेशी जोडायचं आणि रेघ उमटायची. बफरमध्ये (लॅबमधल्या साध्या द्रावणात) स्ट्रिप मस्त चालायची, आणि पेशंटच्या सँपलमध्ये ज्यांचं अल्ब्युमिन सगळ्यात जास्त त्यांचीच रेघ फिकी! झालं असं की अल्ब्युमिन इतकं जास्त की कणांवरच्या अँटिबॉडीही भरल्या आणि रेघेवरच्याही, दोघांना जोडायला कुणी उरलंच नाही, याला हुक इफेक्ट म्हणतात. म्हणजे सगळ्यात आजारी माणसाला आमची स्ट्रिप निरोगी म्हणणार, या विचाराने मला झोप यायची नाही. पहिली ऑर्डर थांबवली, पैसे परत केले.

मग डिझाइनच उलटं केलं. आता रेघेवर अल्ब्युमिनच बसवलंय, सँपलमधलं अल्ब्युमिन कणांना आधी पकडतं आणि जितकं जास्त तितकी रेघ फिकी, हुक इफेक्टचा प्रश्नच नाही. यात जवळपास वर्ष गेलं पण मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

नवीन अडचण म्हणजे आता गडद रेघ म्हणजे अल्ब्युमिन कमी, तरी ती बघून लोक घाबरतात, म्हणून सोबत रंगांचं कार्ड देतो. आणि ताप असला किंवा भरपूर व्यायाम झाला तरी अल्ब्युमिन वाढतं, त्यामुळे एकदा जास्त आलं तर परत टेस्ट करा आणि डॉक्टरांना दाखवा, हे पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलंय.