अंटार्क्टिकाला जाताय? आधी जहाजावर माणसं किती ते विचारा

साताऱ्यात परतून तीन दिवस झाले, अजून अंघोळीला उभं राहिलं की फरशी हलते. त्यामुळे लिहिताना चिडचिड उतरली असेल तर समजून घ्या.

मुद्द्याचं आधी सांगतो, मग बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल. एजंटला जेवण, बाल्कनी, वायफाय यातलं काही विचारू नका. जहाजावर प्रवासी किती, एवढंच विचारा. पाचशेच्या वर प्रवासी असलेलं जहाज तिथे कुणालाच किनाऱ्यावर उतरवत नाही. पाचशेच्या आत असेल तर उतरवतं, पण एका ठिकाणी एका वेळी शंभरच माणसं, आणि दर वीस जणांमागे एक गाइड.

आमच्या एजंटने 'रोज लँडिंग' म्हणून सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. फक्त जहाजावर चारशे तीस जण आहेत, हे त्याने गिळलं. म्हणजे शंभराच्या पाच पाळ्या, शिवाय रबरी होडीतून दहा-दहा जणांची ने-आण. आमची पाळी चौथी. सकाळी सातला थर्मल, फ्लीस, पार्का, लाइफ जॅकेट असा जामानिमा करून बसलो, आत उकडून निघालो आणि दीड वाजता नाव पुकारलं. चारपैकी एक दिवस वाऱ्याने खाल्ला. तीनदा उतरलो, एकूण तीन तास दहा मिनिटं. घड्याळ लावून मोजलंय. माणशी नऊ लाख, विमान वेगळं. भागाकार तुम्हीच करा.

दोनशेच्या आतलं जहाज घ्या. महाग पडतं, तरी तेच घ्या. परवडत नसेल तर थांबा, पैसे साठवा.

तरी आम्ही नशीबवान. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला, जिथून जहाजं सुटतात त्या उश्वायाच्या धक्क्यावर विट्याचं एक जोडपं भेटलं. काका खुशीत होते. "आमच्या बोटीवर दोन हजार माणूस हाय. थेटर हाय, पोहायचा टँक हाय."

"आणि उतरणार कुठे?"

"उतरणार की! एजंट म्हणला, अंटार्क्टिका दर्शन."

शब्द अगदी बरोबर होता. दर्शनच, तेही कळसाचं. नातीला दाखवायला पेंग्विनसोबत फोटो काढायचाय असं काकू म्हणाल्या, तेव्हा माझ्याच्याने काही बोलवेना.

ड्रेक पॅसेजवर सगळेच पानंच्या पानं लिहितात. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला सुमारे हजार किलोमीटरचा खवळता समुद्र, जाताना दोन दिवस, येताना दोन दिवस. उलटीची गोळी उश्वायाजवळची बीगल सामुद्रधुनी संपायच्या आत, म्हणजे खुला समुद्र लागायच्या आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळीही बाहेरच येते. पसरणी घाटात एसटीच्या मागच्या बाकावर झोपणारा मी, पहिल्या छत्तीस तासांत एक सफरचंद खाल्लं आणि तेही टिकलं नाही.

आता तपासणी. याची कल्पना मला कुणीच दिली नव्हती. उतरण्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांचे बाहेर घालायचे कपडे, बॅगा, ट्रायपॉड घेऊन हॉलमध्ये बोलावतात. व्हॅक्यूम क्लीनर, ब्रश, चिमटा. माझे गेटर, म्हणजे बुटावरून पिंडरीला गुंडाळायची कापडी आवरणं, सह्याद्रीत आठ वर्षं वापरलेले, वरवर स्वच्छ. तपासणाऱ्या मुलीने वेल्क्रो उघडून उजेडात धरलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. आत कुसळांचं रान होतं. कासच्या सड्यावरची, ठोसेघरची, अजिंक्यताऱ्याची, देवाला ठाऊक कुठकुठली. चिमट्याने एकेक काढत पन्नास मिनिटं बसलो. मागे रांग. लाज वाटली, रागही आला. नंतर कळलं की आपल्याकडे लॉनमध्ये उगवतं तसलं एक साधं गवत, पोआ ॲनुआ, माणसांबरोबर अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर पोचलं आणि तिथे मूळ धरून बसलंय. मग राग गेला. लाज राहिली.

उतरताना बूट जंतुनाशकात बुडवायचे, परत आल्यावर घासून पुन्हा बुडवायचे. बूट बहुतेक जहाजांवर वापरायला फुकट मिळतात. आमच्या एजंटने त्याचे 'भाडे' म्हणून बारा हजार घेतले, ते मला जहाजावर समजलं. पेंग्विनपासून पाच मीटर लांब, त्याच्या वाटेत आलात तर तुम्ही थांबायचं. बर्ड फ्लूमुळे जमिनीवर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅगही ठेवायची नाही. फोटोसाठी मी नकळत वाकलो तर मागून "अप, अप!" अशी हाक आली. लांब पल्ल्याची लेन्स न्या, ड्रोन घरी ठेवा.

हे सगळं कोण राबवतं? परवाना कंपनीच्या देशाचं सरकार देतं, पण किनाऱ्यावर पोलीस नाही, वनरक्षक नाही. सहल कंपन्यांचीच 'आयाटो' नावाची संघटना आहे, 1991 साली सात कंपन्यांनी काढलेली. कुठलं जहाज कुठल्या दिवशी कुठे थांबेल हेही त्याच आपसात ठरवतात, म्हणून चार दिवसांत दुसरं जहाज क्वचितच दिसलं. जाण्याआधी मी म्हणत होतो, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. माझे गेटर ज्या पद्धतीने विंचरले गेले ते पाहून शब्द अर्धे मागे घेतो.

अर्धेच, कारण पाऊल कसं टाकायचं याचे नियम कडक, पण पावलं एकूण किती, याला झाकणच नाही. संघटना निघाली त्या मोसमात साधारण 6,400 पर्यटक गेले होते. 2023-24 मध्ये एक लाख वीस हजारांच्या वर. एका वेळी शंभर हा आकडा आहे, वर्षाला किती हा नाही. आपल्या कासला गावकऱ्यांची समिती आणि वनखातं मिळून दिवसाला तीन हजार अशी मर्यादा ठेवतात. त्यावरून साताऱ्यात भांडणं होतात, पण भांडायला निदान आकडा तरी आहे. तिकीट विकणाराच स्वतःच्या तिकिटांना मर्यादा घालेल, ही आशा मी तरी धरत नाही. त्या एक लाख वीस हजारांत पुढच्या मोसमात मीही असेन का, असं बायकोने विचारलं. मी विषय बदलला.

बाकीचे दिवस छान गेले. ब्यूनोस आयर्स चांगलं आहे, हिमनग निळे असतात, देवमासा दिसला.

गेटर मात्र नवीन घ्या. जुन्यांचं वेल्क्रो कितीही विंचरा, काही ना काही राहतंच. परतीला उश्वायाच्या हॉटेलात मोजे काढले तर घोट्याला टोचलं. लोकरीत आडवं रुतलेलं एक कुसळ. तिन्ही वेळा माझ्याबरोबर उतरून, पेंग्विन बघून आलेलं.