तुम्ही विचारलंत म्हणून: मग गोळी का घेता?

प्रश्न ठरलेला. ‘तुम्ही पिकांच्या जनुकांवर काम करता, बीपी उतरवणारा टोमॅटो निघालाय म्हणे, मग तुम्ही स्वतः रोज गोळी का घेता?’

घेते. उद्याही घेणार.

टोमॅटो खरा आहे. जपानात 2021 पासून विकला जातो. त्सुकुबा विद्यापीठातल्या संशोधकांनी क्रिस्पर, म्हणजे जनुकाला नेमक्या जागी कात्री लावायचं तंत्र, वापरून गाबा हे द्रव्य बनवणाऱ्या एन्झाइमला आवर घालणारा तुकडा काढला. गाबा साध्या टोमॅटोतही असतं, ते चार-पाच पट झालं. काम सुबक आहे, हेवा वाटावा असं. पण गाबाने बीपी उतरलाच तर थोडासा उतरतो. माझ्या गोळीची जागा तो घेणार नाही.

भाताचं प्रकरण जास्त गुंतलेलं आहे. 2020 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी बीपी चढवण्यात हात असलेलं एसीई हे एन्झाइम रोखणारे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, तांदळात उतरवले. त्यातली प्रथिनं देऊन उंदरांचा वाढलेला बीपी उतरला. रामिप्रिल ही बीपीची गोळी हेच एन्झाइम रोखते, आणि कित्येकांना तिने कोरडा खोकला लागतो. भाताने तो टळेल, ही आशा.

माझा दादा रामिप्रिल घ्यायचा. रात्री भिंतीला टेकून खोकत बसायचा. मग एकाएकी खोकला थांबला. वहिनी म्हणाली, ‘आता कसे शांत झोपतात.’ मलाही बरं वाटलं. एका सकाळी शर्टाची बटणं लावताना त्याचा उजवा हात वर येईना. वहिनीला हाक मारायला गेला, तर शब्दच फुटेना. नंतर कपाटात स्ट्रिपा सापडल्या, एकही गोळी न काढलेल्या. खोकल्याचा वैताग येऊन त्याने कुणालाही न सांगता औषध सोडलं होतं. हॉस्पिटलातून सोडताना टेल्मिसार्टन ही वेगळ्या प्रकारची बीपीची गोळी लिहून दिली. तिने खोकला आला नाही. म्हणजे उपाय केव्हाचाच होता! खोकल्याचं डॉक्टरांच्या कानावर घालायचं तेवढं राहिलं होतं. सही करायला तो अजून डावा हात वापरतो.

इथे माझ्यातली चाळिशीतली बाई मध्ये तोंड घालते. ‘तेच तर! गोळी सोडली, भात सोडला नसता.’

बरोबर. पण पातेलं एकच असतं, बाई. एसीई रोखणारं औषध गरोदरपणात वर्ज्य, पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांना त्याने इजा होते. दादाला वाढलेला भात त्याच्या गरोदर सुनेला कसा वाढू? गोळीत 5 मिलिग्रॅम म्हणजे 5 मिलिग्रॅम. भातात किती, आणि कोण किती जेवणार?

‘मग प्रमाण कमी ठेव. सगळ्यांचाच बीपी दोन अंकांनी उतरला तरी कितीतरी पक्षाघात टळतील.’

हे मला खोडता येत नाही. चीनच्या खेड्यांत मिठात चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड हा सोडियम नसलेला क्षार घालून पाहिलं, तर पक्षाघात 14 टक्क्यांनी घटले. तेही 2021 मध्येच छापून आलं, आणि तिथे कुणी जनुकाला हात लावला नव्हता.

‘पण तसलं मीठ लोकांनी मुद्दाम विकत आणलं तर ना!’

आणि तुझा तांदूळ काय आपोआप घरी येणार आहे?