पांढरी गच्ची

सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ च्या पुढं जातो हे काय नवीन नाही, पण आज दुपारी आई चक्क वरच्या खोलीत झोपली! मागच्या रविवारी गच्चीला चुना मारला, त्यात थोडं फेविकॉल घातलं म्हणजे चुना धरून राहतो, दोन हात दिले बस. पांढरा रंग ऊन परत फेकतो, स्लॅब कमी तापतो. आज अनवाणी उभा राहिलो वर, शेजारच्या काळ्या स्लॅबवर तर पाय ठेववत नव्हता. आता सोलरचं बघतोय, सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी आहे आणि ऊन आपल्याकडं भरपूर. पण पूर्व भागात पत्र्याखाली यंत्रमाग चालवणाऱ्यांच्या छपरांना आधी चुना लागला पाहिजे राव, तिथली दुपार मी बघितलीय. ज्यांना करायचंय त्यांनी सांगा, ब्रश घेऊन येतो.